उकिरड्याचे दिवस पालटले, पण कसे?



बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस पालटतात, असे आपल्याकडे म्हणतात. मागच्या खेपेला या सदरातून आपण पाचटाविषयी बोललो. आज त्या म्हणीतल्या उकिरड्याविषयी बोलायचे आहे. त्याचे दिवस पालटले हे खरे, पण म्हण करणाऱ्याने जे मनात धरले होते तसे पालटले नाहीत.

परंडा तालुक्यातले सोनारी गाव भैरवनाथामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. चैत्रात यात्रा भरते, लांबलांबून माणसे येतात, आणि देवळाभोवतीच्या माकडांना लहान पोरेसुद्धा ओळखतात. यात्रा होऊन महिना झाला असेल, तेव्हा कामानिमित्त मी गावात गेलो होतो. एका घरापुढे चारसहा माणसे गप्प उभी होती. घरची संकरित गाय मेली होती. दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचे मिळून बारा लिटर देणारी. पंधरा दिवस ती वैरण टाकत होती, मधूनच पोट फुगायचे, रवंथ थांबायची. घरगुती औषधे झाली, तेल पाजून झाले. पशुवैद्य आले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी पोट उघडून पाहिले, तर आत पिशव्यांचा एक घट्ट गोळा होता. धुऊन पसरला तर बादली भरेल एवढा. त्यात नायलॉनची दोरी होती, दुधाची पिशवी होती, आणि गाठ मारलेल्या पिशव्याही होत्या.

त्या गाठी पाहून घरची बाई मटकन खाली बसली. शिळ्या भाकरीचे तुकडे, भाजीची देठे पिशवीत भरून, वर गाठ मारून उकिरड्यावर टाकायची तिची रीत होती. वास येऊ नये, माशा बसू नयेत, एवढाच तिचा हेतू. गाईला आतली भाकरी हवी होती. तिला हात नाहीत, गाठ सोडता येत नाही. तिने पिशवीसकट गिळली.

"साहेब, उकिरडा तोच, शेण तेच. मग गाय कशानं गेली?" घरातल्या आजींनी मला विचारले. "आमच्या वेळंला उकिरड्यावर गाय चरली तर कुणी हाकलत नव्हतं."

त्या घराचे नाव मी सांगत नाही, कारण चूक त्या एका घराची नाही. आजींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सगळ्यांनी ऐकण्यासारखे आहे.

आजींच्या वेळी गावात कचरा नावाची वस्तूच जवळजवळ नव्हती. शेण, गोमूत्राने भिजलेला गव्हाणीतला उष्टावळ, चुलीची राख, केरवारा, पालापाचोळा, फुटके मडके, झिजलेली केरसुणी. मडक्याचे खापर सोडले तर सगळे मातीतून आलेले आणि मातीत परत जाणारे. उकिरडा म्हणजे घराची दुसरी कणगी होती. मृगाच्या आधी बैलगाडीने तो शेतात जायचा. कुजवणारे जिवाणू फुकटात कामाला असत.

आज त्याच उकिरड्यावर काय जाते ते एकदा उभे राहून पाहा. चहाचे कागदी म्हणवणारे पेले, ज्यांना आतून प्लॅस्टिकचा लेप असतो. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे, औषधाच्या गोळ्यांची पाने, दाढीचे पाते, संपलेले सेल, फुटका बल्ब, फवारणीच्या औषधाची बाटली. शहरातल्या कचऱ्यात आणि आपल्या उकिरड्यात आता फारसा फरक उरलेला नाही. एकच फरक आहे. शहराकडे गाडी आहे, ती कचरा उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकते. आपला उकिरडा मात्र आपल्याच शेतात जातो.

दुसऱ्याच्या दारातला कचरा

ते दुसऱ्याचे दार म्हणजे बहुधा शेतकऱ्याचेच दार असते. आपल्या मराठवाड्यातले उदाहरण घ्या. औरंगाबाद शहराचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, रोजचा चारशे टनांच्या आसपासचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला जाऊन पडत होता. आसपासच्या गावांनी दुर्गंधी सोसली, धूर सोसला, पाणी नासलेले पाहिले. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तेथे कचरा टाकायला मनाई केली. शहरात जागोजाग ढीग साठले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा न्यायचे ठरले, तेव्हा तेथे दगडफेक आणि लाठीमार झाला. एवढे मोठे शहर, पण आपल्या घरातले भाजीचे देठ कुठे टाकायचे हे त्याला ठाऊक नव्हते.

पुण्याचा कचरा असाच उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडत राहिला. तेथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या त्याची गणती नाही. परदेशातही गरीब आणि वाढत्या शहरांची हीच कथा आहे. फिलिपाईन्समध्ये मनिला शहराजवळ पायाटास येथे जुलै २००० मध्ये पावसाने कचऱ्याचा डोंगर कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. बहुतेक त्याच ढिगावर भंगार वेचून पोट भरणारी. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत, कोलंबोच्या मीतोटमुल्ला भागात एप्रिल २०१७ मध्ये ऐन नववर्षाच्या सणादिवशी ढीग घसरला आणि ३२ माणसे गेली.

हे सांगण्याचे कारण इतकेच, की ओला आणि सुका कचरा एकदा एकत्र झाला की मग कितीही मोठी पालिका असो, कितीही यंत्रे असोत, तो निस्तरता निस्तरत नाही. भाजीचे देठ एकटे असले तर खत होते. प्लॅस्टिक एकटे असले तर भंगारवाला नेतो. दोन्ही एकत्र आले की देठ सडून घाण करते, प्लॅस्टिक बरबटून निकामी होते, आणि दोन कामाच्या वस्तूंचा मिळून एक निकामी ढीग तयार होतो.

माझी स्वतःची चूक

आता दुसऱ्यांचे सांगितले, तसे स्वतःचेही सांगितले पाहिजे. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. पदवी ताजी होती, डोक्यात सेंद्रिय कर्बाचे आकडे होते. एका गावात हलक्या जमिनीवर ज्वारीचे प्रात्यक्षिक घ्यायचे होते आणि शेणखत पुरेसे नव्हते. जवळच्या एका शहराच्या कचरा डेपोवर जुना, काळा, भुसभुशीत दिसणारा माल पडून होता. मी त्या शेतकऱ्याला म्हणालो, "दादा, हे आयते खत आहे, ट्रॉल्या भरून आणा." त्यांनी माझ्या शब्दावर सहा ट्रॉल्या आणून टाकल्या.

ज्वारी बरी आली. पण खुरपणीला आलेल्या दोन बायांचे पाय काचेने कापले. पुढच्या वर्षी बाया त्या रानात यायला तयार होईनात. कुळवाच्या फासाला पिशव्यांच्या चिंध्या गुंडाळून यायच्या. पिशवीचा तुकडा जेथे आडवा बसतो तेथे पाणी नीट मुरत नाही आणि कोंबाला वाट मिळत नाही. अजून ते दादा भेटले की हसून म्हणतात, "साहेब, तुमचं खत अजून संपलं नाही बरं का." ते हसतात, मला मात्र हसू येत नाही.

म्हणून शहरी कंपोस्ट घ्यायचे तर आज सांगतो तसे घ्या. डेपोवरचा उघडा माल कधीही आणू नका. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टला प्रमाण ठरवून दिलेले आहे. सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, आणि नत्र, स्फुरद, पालाश मिळून किमान १.२ टक्के पाहिजे. जड धातूंनाही मर्यादा आहे. किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पोत्यावर हे छापलेले असेल, तपासणीचा दाखला मिळत असेल तरच घ्या. मूठभर घेऊन पाण्यात टाकून पाहा. वर पिशव्यांचे तुकडे तरंगले किंवा खाली काच चमकली तर पोते परत करा.

घरात तीन जागा करा

उपाय फार मोठा नाही. तो खर्चाचा नाही, सवयीचा आहे, म्हणून अवघड आहे. घरात कचऱ्याला तीन जागा करा.

पहिली जागा कुजणाऱ्याची. भाजीचे देठ, साली, उष्टे, चहाची पत्ती, झाडलोटीतला पाला. हे पाटीत किंवा जुन्या बादलीत उघडेच ठेवा. पिशवीत भरू नका आणि गाठ तर कधीच मारू नका. जे जनावराला चालते ते ताजेपणी गव्हाणीत द्या, उरलेले खताच्या खड्ड्यात.

दुसरी जागा न कुजणाऱ्याची. पिशव्या, बाटल्या, पत्र्याचे डबे, काच, कागद, फाटक्या चपला, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद, खताची फाटकी पोती. एक रिकामे पोते गोठ्यापासून दूर खुंटीला टांगा. दुधाची पिशवी कोपऱ्यातून पूर्ण तोडू नका, तो तुकडा हमखास उकिरड्यात जातो. पिशवी धुऊन, वाळवून पोत्यात टाका. पोते भरले की भंगारवाल्याला द्या. तो काही घेईल, काही घेणार नाही. न घेतलेले ग्रामपंचायतीच्या साठवणीच्या जागी द्या.

तिसरी जागा घातक वस्तूंची. दाढीचे पाते, सुया, फुटकी काच, सेल, बल्ब, जुनी औषधे. यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि तो पोरांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर ठेवा. बायकांचे पॅडही कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कचरा उचलणारी बहुधा बाईच असते, तिच्या हाताचा विचार करावा. तार, खिळा, दाभण तर उकिरड्याच्या जवळपासही जाऊ देऊ नका. जनावराने गिळलेली तार जाळीदार पोटातून पुढे सरकून हृदयापर्यंत पोचते.

फवारणीच्या बाटल्यांचे वेगळे सांगतो. बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. मग बाटलीला भोके पाडून ती निकामी करा, म्हणजे कोणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही हे डबे पुन्हा वापरात येतील असे उघड्यावर टाकू नयेत असे म्हटले आहे. विहिरीच्या काठावर, ओढ्यात, बांधावर बाटल्या पडलेल्या मी रोज पाहतो. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो तिच्याच काठावर.

आणि एक गोष्ट करू नका. प्लॅस्टिक जाळू नका. बंबात पिशव्या घालून पाणी तापवायची रीत काही घरांत आहे. त्या धुरात विषारी वायू असतात आणि तो धूर सर्वांत आधी बंबापाशी बसलेल्या बाईच्या आणि लेकराच्या छातीत जातो. राख परसातल्या भाजीला टाकली की उरलेले विष ताटात येते.

उकिरड्याचे सोने कसे करावे

पहिल्या जागेचा माल आता खऱ्या अर्थाने सोन्याचा आहे. उन्हात उघडा पडलेला ढीग नत्र उडवतो आणि पावसात उरलेले वाहून जाते. त्यापेक्षा नाडेप पद्धत आपल्या भागाला चांगली, कारण तिला शेण थोडे लागते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली. त्यांच्या नावातली अक्षरे घेऊनच तिला नाडेप म्हणतात.

विटांचे टाके बांधावे, आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत हवा खेळण्यासाठी भोके ठेवावीत. तळाला आणि भिंतींना आतून शेणकाला द्यावा. मग ६ इंच काडीकचऱ्याचा थर, हा सुमारे १०० किलो होतो. सोयाबीनचा भुसा, तुरीचा पाला, पाचट, घरातला ओला कचरा, जे असेल ते. त्यावर ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून शिंपडावे. त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली माती. असे थर टाके भरून दीड फूट वर येईपर्यंत रचावेत आणि वरून शेणमातीने लिंपून घ्यावे. पंधरावीस दिवसांत ढीग ८–९ इंच खाली बसतो. पुन्हा भरून पुन्हा लिंपावा. भेगा पडल्या तर बुजवाव्यात, ओल राखावी. तीन ते चार महिन्यांत साधारण ३ टन खत मिळते. एकंदर शेण लागते अवघे क्विंटलभर.

पाण्याची अडचण आहे हे मला ठाऊक आहे. परंड्याला पाण्याचे मोल सांगायला नको. टाके एकदम भरायचे असल्याने ते पावसाळ्याच्या सरतेशेवटी भरावे. तेव्हा ओलही असते आणि मळणीचा भुसाही हाताशी येतो.

याचा हिशेब खोटा फुगवून सांगणार नाही. ३ टन चांगल्या शेणखतात नत्र धरा १५ किलो, म्हणजे युरियाच्या पाऊण पोत्याएवढे. तेवढ्यासाठी कोणी टाके बांधणार नाही. पण युरियाच्या पोत्यात ओल धरण्याची ताकद नसते. हलक्या रानात सेंद्रिय खत पडले तर पावसाचा खंड पडल्यावर पीक चार दिवस जास्त तग धरते. आपल्या भागात कधीकधी त्या चार दिवसांवर सगळा हंगाम असतो.

यात्रा आणि ग्रामपंचायत

घरापुरते झाले. पण सोनारीसारख्या गावात यात्रेच्या चार दिवसांत जे साचते ते घराघरांतून आलेले नसते. नारळाच्या शेंड्या, हारफुले, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, खेळण्यांची वेष्टने. वैशाखातले वारे पिशव्या उडवून बाभळीला आणि कुंपणाला लटकवते. मृगाचा पाऊस त्या ओढ्यात घालतो, आणि तालुक्यातले बहुतेक ओढे शेवटी सीनेला मिळतात. प्रसाद पिशवीतून द्यायचे बंद केले तर माकडाचे आणि गाईचे पोट दोन्ही वाचेल. हारफुले दोरा काढून खताला घ्यावीत. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या लवकर कुजत नाहीत, त्या वेगळ्या काढाव्यात, सरपण म्हणून जातील. राज्यात मार्च २०१८ पासून अशा पिशव्यांना बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कितीतरी प्लॅस्टिक वस्तूंना देशभर बंदी आहे. कायदा आहे. तो पाळायला लावणारी गावची जीभ हवी.

गाडगेबाबा गावात येत ते आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. १९५६ साली ते गेले. २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि कितीतरी गावांनी बक्षिसे मिळवली. पण बक्षिसाची कमान उभी राहिली आणि तिच्याच पायथ्याशी ढीग साचला, अशीही गावे मी पाहिली आहेत.

पैसा नाही, हे कारण पूर्वी खरे होते. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत रक्कम धरली होती. ३,००० वस्तीच्या गावाला ती १,८०,००० होते. तुमच्या गावाच्या वाट्याला किती आले, त्यातून काय झाले, हे ग्रामसभेत उभे राहून शांतपणे विचारा. भांडू नका, पण उत्तर घेतल्याशिवाय बसूही नका.

होत नाही असे मात्र म्हणू नका. कोकणात वेंगुर्ला नगरपरिषदेने घरोघरचा कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्यापासून गॅस, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात. जेथे कचरा डेपो होता ती जागा आज लोक मुद्दाम पाहायला जातात. ते शहर लहान आहे, श्रीमंत नाही. त्यांनी एवढेच केले, की मिसळलेला कचरा घ्यायचा नाही असे ठरवले आणि ठरवलेले मोडले नाही.

शेवटी

परवा पुन्हा त्या घरी गेलो होतो. गोठ्यात एक कालवड बांधलेली होती, भावाने दिलेली. दूध मिळायला अजून अवकाश आहे. तोवर मुलीच्या शाळेचा खर्च कसा निघतो ते मी विचारले नाही. पडवीत खुंटीला पोते टांगलेले होते आणि खाली पाटीत वांग्याची देठे उघडी पडली होती. माश्या होत्या थोड्या. बाई म्हणाली, "भाऊजी, माश्या बसल्या तर बसू द्या. राख टाकते वरनं."

आजी म्हणाल्या, "शेजारी अजून गाठ मारूनच टाकत्यात. आमची कालवड तिकडं गेली तर?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, कारण ते एका घराजवळ नसतेच. ते गावाजवळ असते. म्हणून हा लेख वाचून झाला की घडी घालून ठेवू नका. शेजारच्या घरी वाचायला द्या, आणि आज रात्री उष्टे टाकताना पिशवीची गाठ सोडा.

पुढच्या खेपेला पावसाआधी गोठ्याची डागडुजी आणि शोषखड्डा यांविषयी लिहीन.